महाडच्या नगरपालिकेचे दोन ठराव

नगरपालिका म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर येतो तो घराचा वेरा, तुंबलेली गटारे आणि पावसाळ्यातले खड्डे. गणपतीच्या दिवसांत त्यात आणखी एका विषयाची भर पडते: विसर्जन कोणत्या तलावात करायचे आणि कृत्रिम तलाव कुठे बांधायचा. हे सारे किरकोळ कारभाराचे प्रश्न वाटतात. पण गावचा तलाव कोणाचा आणि त्याचे पाणी कोणी घ्यायचे, या साध्याशा प्रश्नावर कोकणातल्या एका लहान नगरपालिकेने दोन ठराव केले आणि ते दोन्ही देशाच्या इतिहासात नोंदले गेले. त्या कथेचा एक धागा आपल्या बडोद्यातूनही जातो, म्हणून यंदाच्या स्मरणिकेत आम्ही ती सांगत आहोत.

4 ऑगस्ट 1923 रोजी मुंबईच्या कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांनी मांडलेला ठराव संमत झाला. सरकारी खर्चाने बांधलेल्या किंवा चालवलेल्या विहिरी, पाणवठे, धर्मशाळा, शाळा, कचेऱ्या आणि दवाखाने अस्पृश्य वर्गाला वापरू द्यावेत, असा त्याचा आशय होता. पुढच्याच महिन्यात सरकारने त्याबाबत आपल्या खात्यांना आदेश दिले आणि गावोगावच्या लोकल बोर्डांपुढे व नगरपालिकांपुढे हा विषय आला. बहुतेकांनी कागद बाजूला ठेवून दिला. तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातल्या महाडने तसे केले नाही. 5 जानेवारी 1924 रोजी महाडच्या नगरपालिकेने ठराव करून गावचे चवदार तळे सर्वांना खुले केले. सुरेंद्रनाथ उर्फ सुरबानाना टिपणीस यांचे नाव या ठरावाशी कायमचे जोडले गेले आहे.

हा ठराव धाडसाचा होता यात शंका नाही. मात्र त्याची भाषा पाहण्यासारखी आहे. अस्पृश्यांनी तळ्याचे पाणी घ्यायला नगरपालिकेची हरकत नाही, एवढेच त्यात म्हटले होते. नगरपालिकेची हरकत नसली तरी गावाची होती. त्या तळ्यावर इतर धर्मांचे लोक पाणी भरत, जनावरेही पाणी पीत. पण ठराव झाल्यावर तीन वर्षे एकाही अस्पृश्याला तेथे ओंजळ भरता आली नाही. 5 ऑगस्ट 1926 रोजी बोले यांनी पुन्हा ठराव आणला: ज्या संस्था हा आदेश पाळणार नाहीत त्यांचे सरकारी अनुदान बंद करावे. त्यानेही महाडमध्ये काही हलले नाही.

वरून आलेला हुकूम उंबरठ्यापाशी कसा अडतो, हे बडोद्याने त्याआधीच पाहिले होते. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी 1893 साली अमरेलीत आणि 1906 साली साऱ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. भीमराव आंबेडकर नावाच्या तरुणाला त्यांनी शिष्यवृत्ती दिली आणि 1913 साली त्याला अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात पाठवले. करारानुसार संस्थानची नोकरी करण्यासाठी 1917 साली डॉ. आंबेडकर बडोद्यात आले. महाराज पाठीशी होते, नोकरी हाती होती, पण राहायला खोली मिळेना. नाव बदलून ते एका पारशी धर्मशाळेत राहिले. काही दिवसांतच काठ्या घेतलेला जमाव दाराशी आला. ओळखीच्या एका हिंदू मित्राला आपले नोकर सोडून जातील अशी भीती वाटली. एका ख्रिस्ती मित्राच्या घरीही जागा झाली नाही. मुंबईच्या गाडीला वेळ होता, तो त्यांनी कमाटीबागेत बसून काढला. आज तेथे संकल्पभूमी आहे. आपल्यापैकी अनेकांचे पणजोबा त्या काळात याच शहरात राहत होते. महाराजांचा हुकूम कचेरीपर्यंत पोहोचला होता. घराघरांतून त्याला साथ मिळाली नाही.

महाडमध्ये दहा वर्षांनी हाच प्रश्न उघड्यावर आला. 19 आणि 20 मार्च 1927 रोजी तेथे कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. रामचंद्र बाबाजी मोरे यांनी त्यासाठी खूप खटपट केली होती. परिषदेसाठी चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले. तळे खुले करणारा ठराव दप्तरात होता आणि पाणी मात्र पैसे मोजून! दुसऱ्या दिवशी अनंत विनायक चित्रे यांनी सुचवले की नगरपालिकेचा ठराव अमलात आणल्याशिवाय परिषद उठू नये. टिपणीस काय, चित्रे काय, ही आडनावे बडोद्याच्या वाड्यांतही अनोळखी नाहीत. डॉ. आंबेडकरांच्या मागे हजारो लोक शांतपणे तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. थोड्याच वेळात हे लोक वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी अफवा उठली आणि परतणाऱ्या माणसांवर हल्ले झाले. मग पंचगव्याचे 108 घडे ओतून तळ्याचे शुद्धीकरण करण्यात आले.

आता पाळी नगरपालिकेची होती. 4 ऑगस्ट 1927 रोजी तिने आपला 1924 चा ठराव रद्द केला. बोले यांच्या ठरावाला त्या दिवशी बरोबर चार वर्षे पूर्ण झाली होती. ठराव नुसता कागदावर होता तोवर कोणालाच त्याचा त्रास नव्हता. लोकांनी तो खरा मानला तेव्हाच तो जड झाला. पुढे प्रकरण न्यायालयात गेले. तळे खाजगी आहे आणि बंदीची रूढी अनादी आहे, असा दावा झाला. डिसेंबर 1927 मध्ये मनाई हुकूम आला. तो मान्य करून सत्याग्रही तळ्यावर गेले नाहीत. अखेर 17 मार्च 1937 रोजी मुंबई उच्च न्यायालयात निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला. पहिल्या ठरावापासून तेरा वर्षे गेली होती.

या कथेत महाडच्या सभासदांना नावे ठेवणे सोपे आहे. पण सरकार आणि महाराज दोघेही दूर असतात. नगरपालिकेचा सभासद मात्र आपल्याच आळीत राहतो. उद्या सकाळी त्याला शेजाऱ्याच्या तोंडाकडे पाहायचे असते. म्हणून त्याचा होकार मोलाचा असतो आणि शेजारी गप्प राहिले की तो होकार टिकत नाही. 1924 च्या ठरावामागे महाडची शंभर घरे उभी राहिली असती, तर 1927 चा ठराव करायला कोणी धजावले नसते.

सुभानपुऱ्यातल्या आपल्या सोसायट्यांच्या सभा म्हणजे छोट्या नगरपालिकाच. लिफ्ट कोणी वापरायची, कामाला येणाऱ्या बाईंनी कोणत्या नळाचे पाणी प्यायचे, रिकामा फ्लॅट भाड्याने देताना आडनाव विचारायचे की नाही, हे तेथेच ठरते. बहुधा ठरावही न होता, नुसत्या माना हलवून. या उत्सवात आपण एका मांडवाखाली प्रसाद वाटतो. वर्षातल्या उरलेल्या दिवसांत आपल्या सभेत असा विषय निघाला, तर आपली हरकत नाही एवढ्यावर थांबू नये. उभे राहून बोलावे आणि तो निर्णय अमलात येईपर्यंत पाठपुरावा करावा, एवढेच गणरायाच्या साक्षीने आमचे सर्वांना सांगणे आहे.