माशी आणि खाच

उज्जैनीतील जुन्या मराठी घरांत सनदा व तलवारी यांच्या जोडीला क्वचित एखादे रिव्हॉल्व्हरही निघते, आणि ‘हे पणजोबांचे, सत्तावन सालचे’ असे अभिमानाने सांगितले जाते. शासकीय सेवेत असताना परवान्यांच्या तपासणीत असे एक हत्यार आमच्या हाती आले. नोंदवहीत क्रमांक होता, वय नव्हते. ते सांगितले नेम धरण्याच्या साधनाने.

नळीच्या टोकाशी असते ती माशी, डोळ्याकडील बाजूस ती खाच. १८५१ च्या कोल्ट नेव्हीची खाच घोड्याच्याच माथ्यावर कोरलेली होती. घोडा मागे ओढल्यावाचून ती उपयोगी पडत नसे. त्याच सुमारास लंडनच्या रॉबर्ट ॲडम्सने चाप ओढताच घोडा आपोआप उठून पडेल अशी रचना केली. १८५६ मध्ये बोमाँटच्या सुधारणेने दोन्ही रीती एकत्र आल्या. हीच ‘डबल ॲक्शन’. आता जो घोडा चापाबरोबर हलणार, त्याच्यावर खाच ठेवून नेम कसा साधावा? ती अचल सांगाड्यावर जाणे भागच होते. अमेरिकेच्या स्मिथ अँड वेसनने पुढे सांगाड्याच्या माथ्यावर नुसता चर काढला.

वेब्लीचे रिव्हॉल्व्हर मात्र मध्येच दुमडून उघडते, म्हणून त्याची खाच नळी अडकवणाऱ्या खिट्टीवर आली. ब्रिटिश सैन्याने त्याचा पहिला नमुना १८८७ मध्ये स्वीकारला. १९१५ च्या सहाव्या नमुन्यात माशी स्क्रूने बसवलेली, काढता येण्याजोगी झाली. जड, मंद गोळी नळीत अधिक वेळ राहते, तोवर धक्क्याने नळी उचलली जाते आणि गोळी उंच लागते. स्थिर खाचेला हा फरक भरून काढता येत नाही. जुळवता येणारी खाच आधी मुख्यतः स्पर्धेतल्या नेमबाजांची होती. १९३५ च्या मॅग्नमवर आणि १९५५ च्या कोल्ट पायथनवर ती दिमाखाने मिरवली. आमच्या कानपूरचे पॉइंट बत्तीस रिव्हॉल्व्हर मात्र वेब्लीच्याच जुन्या वळणाचे.

त्या घरातील वेब्लीची खाच खिट्टीवर आणि माशी स्क्रूची. म्हणजे १९१५ पूर्वीचे नव्हेच. वृद्ध गृहस्थांना हे सांगणे आम्हांस जड गेले. पहिल्या महायुद्धात ग्वाल्हेर संस्थानाच्या तुकड्याही परदेशी लढल्या होत्या. तेव्हा पणजोबांऐवजी आजोबांचे नाव त्या पलटणींच्या कागदांत शोधावे, असे आम्ही सुचविले. बराच वेळ ते गप्प राहिले. मग म्हणाले, “साहेब, तलवार तरी सत्तावनची आहे ना?”

तलवारीविषयी आम्ही काही बोललो नाही.