टर्बोची ताकद वाढवली, तर मूळ इंजिन पेलेल का?

धाड (जि. बुलढाणा) : बुलढाणा-छत्रपती संभाजीनगर मार्गावरील धाड हे मराठवाड्याच्या सीमेलगतचे, घाटावरचे गाव. येथून मलकापूरच्या रेल्वेस्थानकाकडे निघालेल्या वाहनाला बुलढाण्यापुढे राजूर घाट उतरावा लागतो आणि परतताना तोच घाट चढावा लागतो. उन्हाळ्यात पारा चाळिशीपार गेलेला असताना भरलेल्या गाडीने ही चढण चढणे, ही इंजिनाची खरी परीक्षा होय. साहजिकच गाडीचा ‘पिकअप’ वाढवून देणाऱ्या उपायांचा मोह वाहनमालकांना पडतो. इंजिनाच्या संगणकातील प्रणाली बदलणे, म्हणजेच ‘रिमॅप’ करणे, किंवा वायरिंगमध्ये छोटा ‘ट्यूनिंग बॉक्स’ बसवणे हे त्यांपैकी प्रचलित मार्ग. डिझेल गाडीची ताकद २० ते ३० टक्क्यांनी वाढेल, असे दावे या बाजारात सर्रास केले जातात.

ताकद वाढते, यात शंका नाही. प्रश्न असा, की कारखान्यातून आलेले पिस्टन, कनेक्टिंग रॉड, बेअरिंग आणि हेड गॅस्केट ती पेलू शकतात काय?

अश्वशक्ती नव्हे, दाब महत्त्वाचा

टर्बोचार्जर बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर फिरतो आणि सिलिंडरमध्ये अधिक हवा दाबून भरतो. हवा वाढली, की अधिक इंधन जाळता येते. त्यातून पिस्टनवरील दाब वाढतो व उष्णताही वाढते. अश्वशक्ती हा टॉर्क आणि इंजिनाच्या फेऱ्या यांचा गुणाकार असतो. मात्र सिलिंडरमधील सरासरी दाब थेट टॉर्कशी निगडित असतो. म्हणून अंतर्गत भागांच्या दृष्टीने ‘अश्वशक्ती किती वाढली’ यापेक्षा ‘टॉर्क किती वाढला, आणि किती कमी फेऱ्यांवर’ हा प्रश्न अधिक मोलाचा ठरतो.

कारखाने काय करतात?

या प्रश्नाचे उत्तर महाराष्ट्रातच तयार झालेल्या गाड्यांत सापडते. पुण्याजवळच्या रांजणगाव येथील फियाटच्या कारखान्यात १.३ लिटर मल्टिजेट डिझेल इंजिन तयार होत असे. १२४८ सीसीचे हे इंजिन ७५ आणि ९० अश्वशक्ती अशा दोन रूपांत अनेक भारतीय गाड्यांत बसले. ९० अश्वशक्तीच्या रूपाला बदलत्या पात्यांचा टर्बो होता. शक्ती २० टक्क्यांनी वाढली; परंतु कमाल टॉर्क १९० वरून केवळ २०० न्यूटन मीटरवर नेण्यात आला, म्हणजे जेमतेम पाच टक्के वाढ.

पेट्रोलमध्येही तेच दिसते. फियाट लिनियाच्या १.४ लिटर टी-जेट इंजिनाची शक्ती ११४ अश्वशक्ती व टॉर्क २०७ न्यूटन मीटर होता. २०१५ मध्ये आलेल्या अबार्थ पुंटोत याच आकाराच्या इंजिनाने १४५ अश्वशक्ती दिली. टॉर्क मात्र २१२ न्यूटन मीटरवरच थांबला. या दोन्ही उदाहरणांत कमाल दाब फारसा न वाढवता, वरच्या फेऱ्यांपर्यंत टॉर्क टिकवून शक्ती मिळवलेली आहे.

महिंद्राच्या २१७९ सीसी एमहॉक इंजिनात टॉर्कही वाढवला गेला. स्कॉर्पिओ २०१७ मध्ये १२० वरून १४० अश्वशक्तीवर गेली आणि टॉर्क २८० वरून ३२० न्यूटन मीटर झाला. त्यासोबत सहा गिअरचा गिअरबॉक्सही आला. म्हणजे वाढीव टॉर्कबरोबर त्यामागची यंत्रणाही बदलली.

आता १९० न्यूटन मीटरच्या मल्टिजेटवर २५ टक्क्यांचा रिमॅप केला, तर टॉर्क २३७ च्या घरात जातो. सिलिंडरमधील सरासरी दाब सुमारे १९ बारवरून २४ बारवर चढतो. याच इंजिनाच्या अधिक शक्तिशाली रूपात कारखान्याने हा दाब २० बारच्या आसपास ठेवला होता. ज्वलनाच्या क्षणीचा दाब तर याच्या कितीतरी पट असतो.

आधी काय जाते?

बहुतेकदा पहिला बळी क्लचचा जातो. चढावर फेऱ्या वाढतात. पण वेग वाढत नाही. ही एका अर्थी स्वस्तातली सूचना होय. क्लच टिकला, तर ताण हेड गॅस्केट, बेअरिंग आणि कनेक्टिंग रॉडवर येतो. कमी फेऱ्यांवर अचानक मोठा टॉर्क आल्यास रॉड वाकण्याची भीती अधिक असते.

डिझेलमध्ये दुसरा शत्रू उष्णतेचा. काही ट्यूनिंग बॉक्स इंधनाचा दाब प्रत्यक्षाहून कमी असल्याचे संगणकाला भासवतात, त्यामुळे जास्त इंधन फवारले जाते. हवा त्या प्रमाणात वाढली नाही, तर काळा धूर आणि तापलेला पिस्टन हेच पदरी पडते. पिस्टन ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असतो. तो प्रसरण पावून सिलिंडरला घासतो व अखेर जाम होतो. पेट्रोल इंजिनात इंधन अवेळी पेटण्याचा, म्हणजे ‘नॉकिंग’चा धोका असतो. त्याच्या धक्क्याने पिस्टनच्या रिंगांमधील कडा तुटू शकतात.

इंजिनात काहीशी राखीव क्षमता असते, हे खरे. पण ती कशासाठी ठेवलेली असते? हलक्या प्रतीचे इंधन, उशिरा बदललेले ऑइल, धुळीने भरलेला रेडिएटर, जादा भार आणि कडक ऊन यांसाठी. शहरात काही सेकंद वेग घेणाऱ्या मोटारीला ही क्षमता क्वचितच लागते. घाट चढणाऱ्या भरलेल्या गाडीचे इंजिन तीच क्षमता सलग काही मिनिटे वापरत असते. रिमॅपने ती आधीच खर्ची पडली असेल, तर संकटकाळी शिल्लक काही उरत नाही.

कायद्याची बाजू

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशिलाशी व उत्पादकाच्या मूळ रचनेशी विसंगत फेरबदल करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार अशा फेरबदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कारावास, प्रत्येक फेरबदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. वॉरंटी व विमा यांबाबतही वाद उद्भवू शकतो.

निर्णयापूर्वी

सुस्थितीतील इंजिन, माफक वाढ आणि हलका वापर असेल, तर मूळ भाग बहुधा तग धरतात. मात्र लाखभर किलोमीटर धावलेल्या, रोज माल वाहणाऱ्या गाडीबाबत तसे म्हणता येत नाही. पिकअप कमी झाला असेल, तर प्रथम एअर फिल्टर, टर्बोचे होज, इंजेक्टर आणि सिलिंडरचे कॉम्प्रेशन तपासून घ्यावे. अनेकदा हरवलेली ताकद तेथेच सापडते. ज्या गाडीच्या फेऱ्यांवर घर चालते, तिचे इंजिन घाटात जाम झाले, तर दुरुस्तीच्या बिलात रोजच्या बुडालेल्या कमाईचीही भर पडते.