अजगर आणि आगता : वर्षावनाच्या इतिहासातील एक साक्ष

इतिहासाची साधने म्हटली की शिलालेख, नाणी आणि दप्तरातील कागद आपल्याला आठवतात. पण ज्या समाजाने काहीच लिहून ठेवले नाही, त्याचा इतिहास कशावरून समजून घ्यायचा? या पाठात आपण एक वेगळे साधन पाहू. ते म्हणजे लोकांच्या आठवणी. विषय आहे माणूस आणि अजगर यांचा संबंध.

१. स्थळ आणि समाज

फिलिपिन्समधील लुझॉन बेटाच्या पूर्व भागात सिएरा माद्रे पर्वत आहे. तेथील वर्षावनात आगता नावाचे लोक शिकार करून आणि कंद, फळे, मध गोळा करून राहत. माणसे अंगाने लहान. प्रौढ पुरुषाचे वजन सरासरी ४४ किलोच्या आसपास. याच जंगलात जाळीदार अजगर राहतो. जगातील सर्वांत लांब सापांत त्याची गणना होते. भारतात तो निकोबार बेटांवर आढळतो. आपल्याकडे सर्वत्र दिसणारा भारतीय अजगर ही त्याहून वेगळी जात आहे.

२. अजगर शिकार कशी करतो?

अजगर भक्ष्याच्या मागे धावत नाही. जनावरांच्या वाटेलगत तो तासन्‌तास निश्चल पडून राहतो. जिभेने तो वास टिपतो आणि ओठांवरील खाचांमुळे त्याला उष्ण रक्ताच्या प्राण्याची चाहूल अंधारातही लागते. भक्ष्य टप्प्यात आले की तो झडप घालतो, मागे वळलेल्या दातांनी पकडतो आणि विळखा घालतो.

विळख्यात भक्ष्य गुदमरून मरते, असे बराच काळ मानले जाई. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात स्कॉट बोबॅक आणि सहकाऱ्यांनी बोआ सापांच्या विळख्यातील, भूल दिलेल्या उंदरांचा रक्तदाब मोजला. अवघ्या ६ सेकंदांत धमनीतील दाब निम्म्यावर आला. म्हणजे श्वासाच्या आधी रक्ताभिसरणच कोलमडते.

असे एक मोठे भक्ष्य मिळाले की अजगर आठवडेच्या आठवडे उपाशी राहू शकतो, कारण शरीर उबदार ठेवण्यासाठी त्याला सस्तन प्राण्यांसारखी ऊर्जा खर्चावी लागत नाही. जेथे भक्ष्य केव्हा मिळेल याचा भरवसा नसतो, तेथे ही काटकसरच त्याला तगवते.

३. मुलाखतींतून मिळालेला इतिहास

मानववंशशास्त्रज्ञ थॉमस हेडलँड १९६२ पासून आगता लोकांमध्ये राहून अभ्यास करीत होते. १९७६ मध्ये त्यांनी १२० प्रौढांना अजगराविषयी विचारले. ५८ पुरुषांपैकी १५ जणांवर, म्हणजे सुमारे २६ टक्क्यांवर, अजगराने हल्ला केला होता. ६२ स्त्रियांपैकी मात्र एकीवरच. १९३४ ते १९७३ या काळात अजगराने ६ माणसे मारल्याचेही लोकांनी सांगितले. एका घटनेत बाप सूर्यास्ताच्या वेळी झोपडीत शिरला, तेव्हा अजगराने दोन मुलांना मारले होते आणि एकाला तो गिळत होता. बापाने कोयत्यासारख्या 'बोलो'ने त्याला ठार केले. सहा महिन्यांची तिसरी मुलगी वाचली. पुढे सर्पतज्ज्ञ हॅरी ग्रीन यांच्यासह हेडलँड यांनी ही माहिती २०११ मध्ये प्रसिद्ध केली.

पण चित्र एकतर्फी नाही. आगता लोकही अजगराला मारून खात. शिवाय हरीण, रानडुक्कर, माकड ही दोघांचीही शिकार होती. म्हणजे माणूस आणि अजगर एकाच वेळी एकमेकांचे भक्षक, भक्ष्य आणि प्रतिस्पर्धी होते.

४. साक्षीचे मोल कसे ठरवाल?

आता या आकड्यांकडे इतिहासकाराच्या नजरेने पाहा. पहिली गोष्ट : मुलाखत देणारे सर्व जण वाचलेले होते. जे मेले ते १२० मध्ये येऊच शकत नाहीत. त्यामुळे २६ टक्के हा वाचलेल्यांचा आकडा आहे, एकूण धोक्याचा नव्हे. मृत्यूंची नोंद इतरांच्या स्मरणातून वेगळी घ्यावी लागली. दुसरी गोष्ट : हातात लोखंडी हत्यार होते म्हणून बरेच जण सुटले. लोखंड येण्यापूर्वीच्या काळात मृत्यूंचे प्रमाण अधिक असणे शक्य आहे, पण हे अनुमान आहे, पुरावा नव्हे. तिसरी गोष्ट : विचारणारा बारा-चौदा वर्षे त्यांच्यात वावरला होता. एका दिवसासाठी आलेल्या पाहुण्याला अशी उत्तरे मिळाली असती का?

५. समारोप

विसाव्या शतकात लुझॉनचे बहुतेक जुने जंगल तोडले गेले आणि आगतांचे शिकारी जीवनही ओसरले. १९७६ मध्ये ते प्रश्न विचारले गेले नसते, तर आज विचारायला ते जंगल उरले नसते आणि ते आठवणारी माणसेही फारशी उरली नसती. मोठ्या सापाने माणूस मारल्याच्या गोष्टी शहरातील वाचकांनी बहुधा थापा मानल्या. जंगलात राहणाऱ्यांना मात्र ते आपल्या घरातले दुःख म्हणून माहीत होते.

तुमच्या भागातही जंगलाजवळ, नदीकाठी किंवा डोंगरात राहणारी वयस्कर माणसे असतील. वाघ, मगर, हत्ती किंवा अजगर यांच्याविषयी त्यांना काय आठवते ते विचारा. मग वर दिलेल्या तीन कसोट्या लावून त्या साक्षीतून काय सिद्ध होते आणि काय होत नाही, हे स्वतःच्या शब्दांत लिहा.