साखरपुड्याची अंगठी घेताना : सभासद कुटुंबांसाठी माहिती

राजघाटावर संध्याकाळी फिरायला येणाऱ्या मंडळींत लग्नसराई जवळ आली की एक प्रश्न हमखास निघतो : "साहेब, मुलाचा साखरपुडा ठरला आहे, अंगठी इथल्या सराफ्यातून घ्यावी की जळगावला जावे?" बँकेत सोनेतारण कर्जाचे काम मी बरीच वर्षे पाहिले, म्हणून हा प्रश्न माझ्याकडे येतो. माझे उत्तर ठरलेले आहे. गाव कोणतेही असो, आधी पावतीचे बघा. पुन:पुन्हा तेच सांगण्यापेक्षा सर्व माहिती एकत्र लिहून ठेवावी, असे मंडळातील काही सभासदांनी सुचवले, म्हणून हा लेख.

पूर्वी आणि आता

साखरपुडा या शब्दातच साखरेचा पुडा आहे, अंगठी नाही. आमच्या आईवडिलांच्या वेळी मुलीची ओटी, साडी, नारळ आणि साखरेचा पुडा एवढ्यावर वाङ्निश्चय होत असे. अंगठी प्रत्येक घरी असेलच असे नव्हते. आज दोन्हीकडून अंगठ्या घातल्या जातात आणि खर्चाचा मोठा भाग त्यावरच जातो.

बऱ्हाणपूरला सोन्याचांदीची ओळख नवी नाही. मोगल काळात येथे टांकसाळ होती. सोन्याचांदीच्या तारांच्या जरीकामासाठी हे गाव नावाजलेले होते. सतराव्या शतकातील फ्रेंच व्यापारी ताव्हर्निए याने येथून इराण, तुर्कस्तानपर्यंत जाणाऱ्या कापडाची नोंद केली आहे. तरीही दुकानात गेल्यावर आपली नजर घडणावळीच्या नक्षीवरच जास्त जाते, शुद्धतेकडे कमी.

एक अनुभव

नोकरीत असताना एक बाई मुलीची साखरपुड्याची अंगठी तारण ठेवायला आल्या होत्या. धाकट्या मुलाची कॉलेजची फी भरायची होती. अंगठी व्याह्यांनी दिलेली, २२ कॅरेटची म्हणून सांगितलेली. आमच्या मूल्यांककाने कसावर घासून पाहिली तर १८ कॅरेटच्या आसपास भरली. खड्यांचे वजन वजा केल्यावर सोने आणखी कमी झाले. पावती मागितली तर एक कच्ची चिठ्ठी निघाली. त्यावर फक्त रक्कम, ना वजन ना कॅरेट. कर्ज अपेक्षेपेक्षा बरेच कमी मिळाले. बाईंनी मला एवढेच विचारले, "आता हे व्याह्यांना सांगू की नको?" माझ्याकडे उत्तर नव्हते. व्याह्यांनी कदाचित पूर्ण २२ कॅरेटचेच पैसे मोजले असतील, त्यांचीही फसवणूक झाली असेल. पण कागद नसल्यामुळे दुकानदाराची चूक दोन घरांमधल्या संशयावर गेली.

हॉलमार्क कसा पाहावा

भारतीय मानक ब्युरोच्या (बीआयएस) हॉलमार्कची सक्ती १६ जून २०२१ पासून टप्प्याटप्प्याने जिल्ह्यांना लागू झाली. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कवर सहा अक्षरांकांचा एचयूआयडी क्रमांक आवश्यक झाला. अंगठीच्या आतल्या बाजूला भिंगातून तीन खुणा दिसल्या पाहिजेत :

१. बीआयएसचे त्रिकोणी चिन्ह.
२. शुद्धता. २२ कॅरेटसाठी ९१६, १८ साठी ७५०, १४ साठी ५८५. २०२५ पासून ९ कॅरेटचाही (३७५) हॉलमार्क होतो.
३. एचयूआयडी. प्रत्येक दागिन्याचा वेगळा.

मोबाईलवर 'बीआयएस केअर' ॲप घेऊन हा क्रमांक टाकला की दागिन्याचा प्रकार, शुद्धता आणि हॉलमार्क केंद्राचे नाव दिसते. हे दुकानात बसूनच करावे. चांगला सराफ त्याला हरकत घेत नाही.

एक गोष्ट लक्षात ठेवावी. २ ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या दागिन्यांना हॉलमार्कची सक्ती नाही. भाव वाढल्यापासून दीड ग्रॅमच्या अंगठ्या खूप खपतात. म्हणजे ज्याचे बजेट कमी, त्यालाच संरक्षण कमी. अशी अंगठी घेताना शुद्धता पावतीवर लिहून घेण्याचा आग्रह धरावा.

दोन कॅरेट, दोन अर्थ

सोन्याचा कॅरेट म्हणजे शुद्धता, २४ भागांपैकी किती भाग सोने. हिऱ्याचा कॅरेट म्हणजे वजन, १ कॅरेट म्हणजे २०० मिलिग्रॅम. दुकानात दोन्ही शब्द एका दमात ऐकू येतात आणि गोंधळ होतो. हिऱ्याच्या अंगठीला सहसा १८ किंवा १४ कॅरेटचे सोने वापरतात, कारण २२ कॅरेट मऊ असते आणि खडा पकडून ठेवणारे दाते सैल होतात. हिरा खाणीतला आहे की प्रयोगशाळेत तयार केलेला, हे पावतीवर आणि प्रमाणपत्रावर लिहिलेले असावे. दोन्ही खरे हिरेच, पण भावात मोठा फरक. परत विकताना हिऱ्याला सोन्यासारखा भाव मिळत नाही, हेही आधी धरून चालावे.

हिशेब

वडीलधारी मंडळी अजून तोळ्यात बोलतात. ८ गुंजांचा मासा, १२ माशांचा तोळा. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा, बाजारातला आजचा तोळा १० ग्रॅमचा. म्हणून बोलणी ग्रॅममध्येच करावीत.

समजण्यासाठी २४ कॅरेटचा भाव १० ग्रॅमला १,००,००० रुपये धरू. २२ कॅरेटचा भाव त्याच्या ९१.६ टक्के, म्हणजे ९१,६०० रुपये. ४ ग्रॅम निव्वळ वजनाच्या अंगठीचा हिशेब असा :

सोने : ३६,६४० रुपये
घडणावळ १२ टक्के : ४,३९६.८० रुपये
दोन्हींच्या बेरजेवर ३ टक्के जीएसटी : १,२३१.१० रुपये
हॉलमार्क शुल्क ४५ रुपये, अधिक १८ टक्के जीएसटी : ५३.१० रुपये
एकूण : ४२,३२१ रुपये

घडणावळीचा दर प्रत्येक दुकानात वेगळा असतो आणि त्यावर घासाघीस करता येते. भाव मात्र त्या दिवसाचा, लेखी आणि कोणत्या कॅरेटचा ते विचारूनच धरावा.

खड्याची अंगठी असेल तर एकूण वजन आणि निव्वळ वजन वेगळे लिहून घ्यावे. वरच्या भावाने ०.२०० ग्रॅम खडा सोन्यात मोजला गेला तर १,८३२ रुपये जास्त जातात. पुढे बँकेत तारण ठेवताना ते वजन कोणीही धरत नाही.

माप

मुलीला न सांगता अंगठी घ्यायची हौस असते, पण साखरपुड्यात सर्वांसमोर अंगठी बोटात न जाणे वाईट दिसते. तिच्या अनामिकेत बसणारी जुनी अंगठी तिच्या आईकडून मागवून सराफाला दाखवावी, हे सर्वांत बरे. ते जमत नसेल तर दोऱ्याने घेर मोजावा. मिलिमीटरमधील घेरातून ४० वजा केले की ढोबळमानाने आपला नंबर मिळतो. घेर ५२ असेल तर १२ नंबर. बोटे सकाळी आणि थंडीत बारीक, संध्याकाळी आणि उन्हाळ्यात जाड असतात. आपल्याकडचा मे महिना लक्षात घेऊन माप संध्याकाळीच घ्यावे. पेराचे हाडही मोजावे. अंगठी लहानमोठी करून घेण्याची सोय आहे का आणि खर्च किती, हे आधीच ठरवावे.

पावती आणि नाव

पक्क्या पावतीवर दागिन्याचे वर्णन, निव्वळ वजन, कॅरेट व शुद्धता, हॉलमार्क शुल्क आणि जीएसटी वेगवेगळे असावेत. २ लाख किंवा त्याहून जास्त रक्कम रोख देता घेता येत नाही. आयकर कायद्याने ती दुकानदाराला स्वीकारता येत नाही. धनादेश किंवा बँकेतून पैसे दिल्यास पुरावाही राहतो.

हॉलमार्क असूनही शुद्धतेची शंका आली तर मान्यताप्राप्त केंद्रात शुल्क भरून तपासणी करता येते. सोने कमी भरल्यास बीआयएस नियम २०१८ प्रमाणे फरकाच्या दुप्पट रक्कम आणि तपासणी शुल्क ग्राहकाला मिळू शकते. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

मुलीला दिलेली अंगठी तिचे स्त्रीधन आहे. म्हणून अंगठी दिल्यावर मूळ पावती आणि हिऱ्याचे प्रमाणपत्र तिच्याच हवाली करावे. स्वत:कडे झेरॉक्स ठेवावी. आमच्या नात्यात एका व्याह्यांनी साखरपुड्याच्या ताटात, साखरेच्या पुड्याशेजारी पावतीचे पाकीट ठेवले होते. काही जण हसले, पण मुलीच्या वडिलांनी ते पाकीट आधी कपाळाला लावले आणि मग मुलीच्या हातात दिले.