तापलेला चमचा, हॅमस्टर आणि गोठवलेली माणसे

मृतदेह उणे १९६ अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये ठेवून भविष्यातील वैद्यकाची वाट पाहणे, म्हणजे क्रायोनिक्स. ही निव्वळ विज्ञानकथेची उपज, असा आपला समज असतो. तिचे एक मूळ मात्र लंडनच्या मिल हिल येथील सरकारी संशोधनसंस्थेत सापडते. #थ्रेड

१९४९ साली पोल्ज, स्मिथ व पार्क्स यांनी तेथे दाखवून दिले की, ग्लिसरॉल मिसळल्यास कोंबड्याचे शुक्राणू गोठवूनही जिवंत राहतात. पुढे ऑड्री स्मिथ यांनी अख्खा प्राणीच निवडला: हॅमस्टर. श्वास थांबे, हृदय थांबे, देह ताठ होई. अंगातील जवळजवळ निम्मे पाणी गोठलेले काही हॅमस्टरही पुन्हा हिंडूफिरू लागले!

ऊब देण्याची आरंभीची रीत ओबडधोबड होती. तापवलेला चमचा छातीवर टेकवायचा, कातडी भाजे. जेम्स लव्हलॉक यांना ते पाहवेना. त्यांनी सूक्ष्मलहरींचे यंत्र जुळवले. (‘गाया’ सिद्धान्त मांडणारे लव्हलॉक ते हेच. त्या यंत्रात त्यांनी बटाटाही भाजून पाहिला होता.)

अमेरिकेतील भौतिकशास्त्राचे अध्यापक रॉबर्ट एटिंगर यांनी अशाच शीतजीवशास्त्रीय संशोधनाचा आधार घेत १९६४ साली ‘द प्रॉस्पेक्ट ऑफ इमॉर्टॅलिटी’ प्रसिद्ध केले. जानेवारी १९६७ मध्ये जेम्स बेडफर्ड यांचा देह गोठवला गेला.

येथे मोठी उडी मारली गेली. हॅमस्टर धडधाकट होते आणि शून्याच्या किंचित खालीच गेले होते. सशांच्या बाबतीत तेवढे यशही हाती आले नाही.

मग १९९९ चे नॉर्वे. बर्फाखाली ८० मिनिटे अडकलेल्या एका तरुण डॉक्टरचे तापमान १३.७ अंशांवर उतरले होते. हृदय बंद होते. ट्रोम्सो येथे तिचे रक्त शरीराबाहेर उबवून परत सोडले गेले आणि ती वाचली. देह उबदार होईपर्यंत मृत्यू जाहीर करू नये, या वैद्यकीय दंडकाचे याहून ठळक उदाहरण क्वचितच असेल. क्रायोनिक्सचे समर्थक ते आवर्जून सांगतात. मृत्यू हा क्षण नसून प्रक्रिया आहे, हा त्यांचा मुद्दा रास्तही आहे. पण तिचा मेंदू हृदय थांबण्याआधीच थंडावला होता. क्रायोनिक्समध्ये कायदेशीर मृत्यूनंतरच शीतकरण सुरू होते. सारा फरक या क्रमात आहे.

१९८२ साली शीतजीवशास्त्रज्ञांच्या संस्थेने मृतदेह गोठवणाऱ्यांना सभासदत्व नाकारण्याची तरतूद केली. मला ती विज्ञानापेक्षा अब्रूच्या चिंतेतून आलेली वाटते.

मूळ अडचण मात्र चमच्याचीच राहिली: सर्वत्र एकसारखी, झटपट ऊब. २०२३ साली मिनेसोटात लोहाचे सूक्ष्मकण व चुंबकीय क्षेत्र वापरून, १०० दिवसांपर्यंत अतिशीत साठवलेली उंदरांची मूत्रपिंडे उबवली गेली. प्रत्यारोपणानंतर ती काम करू लागली.