धावपट्टीवरच्या मोटारी

आमच्या बिदरची धावपट्टी हवाई दलाची. सूर्यकिरण पथक १९९६ साली इथेच स्थापन झाले. मद्रासजवळची शोलावरमची धावपट्टी मात्र दुसरे महायुद्ध संपल्यावर ओस पडली आणि मोटारवाल्यांच्या हाती लागली! १९५३ साली स्थापन झालेला मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लब तिथे शर्यती भरवी. परदेशी गाड्या मिळणे दुरापास्त. त्यामुळे फियाट, हेराल्ड अशा घरच्याच गाड्यांचे इंजिन खोलून त्या पळवायच्या. पुढे आपल्या बंगळुरूत बनलेली फायबरची सिपानी डॉल्फिनही तिथे धावली. फायबरमुळे वजनाला हलकी, म्हणून चपळ. आता लोणावळ्याजवळ अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर सरळ पट्टीच्या शर्यती होतात. आमची पोरे रात्री हुमनाबाद रस्त्यावर मोटारसायकली पळवतात. आम्ही रागावतो खरे, पण त्यांना दाखवायला मोकळी पट्टी आमच्याकडे कुठे आहे?