एर्रागड्ड्याचे इस्पितळ आणि अनंतगिरीची हवा

हैदराबादचे मराठी श्रोते, म्हणजे काचीगुडा, सुलतान बाजारकडचे, आजचा विषय ऐकून लगेच म्हणतील, हे तर आम्हाला माहीत आहे. बाकीच्यांसाठी थोडे मागून सुरू करतो.

सोलापूरहून झहीराबाद, पटनचेरू करत हैदराबादेत शिरलात की जुन्या मुंबई रस्त्यावर एर्रागड्डा लागते. तिथे सरकारी छातीच्या रोगांचे इस्पितळ आहे. चेस्ट हॉस्पिटल म्हटले की रिक्षावाला पुढचे काही विचारत नाही. क्षय, दमा, फुप्फुसाचे जुनाट आजार घेऊन माणसे तिथे येतात. बहुतेक गरीब. 2015 च्या सुरुवातीला तेलंगणच्या नव्या सरकारने ठरवले की या जागेवर राज्याचे नवे सचिवालय बांधायचे आणि इस्पितळ विकाराबादजवळ अनंतगिरीच्या डोंगरावर न्यायचे. शहरापासून सुमारे 75 किलोमीटर. जुन्या सचिवालयाला वास्तुदोष आहे, हे कारण मुख्यमंत्र्यांनी उघडपणे सांगितले होते. इस्पितळाच्या बाजूने मात्र वेगळे कारण पुढे आले: डोंगरावरची हवा शुद्ध आहे, क्षयाच्या रोग्यांना ती मानवेल.

ऐकायला हे अगदी पटण्यासारखे वाटते. अनंतगिरीला निजामाच्या काळापासून क्षयाचे सॅनेटोरियम होतेच. झाडी आहे, गारवा आहे, मुसी नदी तिथेच उगम पावते. मग लोकांनी विरोध का केला?

त्यासाठी दीडशेहून अधिक वर्षे मागे जावे लागते. 1854 मध्ये हेर्मान ब्रेमर नावाच्या जर्मन डॉक्टरने क्षय बरा होऊ शकतो असा प्रबंध लिहिला आणि पुढे डोंगरातल्या एका गावात आरोग्यधाम काढले. 1882 मध्ये रॉबर्ट कॉखने क्षयाचा जंतू दाखवला, पण जंतू सापडला म्हणून औषध सापडले नव्हते. तोपर्यंत हाती होते ते हवा, विश्रांती आणि दूध-अंडी. आपल्याकडे राजस्थानात तिलोनियाला, कुमाऊँमध्ये भोवालीला, आंध्रात मदनपल्लीला अशी आरोग्यधामे निघाली. महाराष्ट्रात पाचगणीचे बेल-एअर आणि मिरजेजवळची वानलेसवाडी. जुन्या मराठी कादंबऱ्यांतला खोकणारा नायक पाचगणीला जातो तो याचमुळे. या जागांना मी नावे ठेवणार नाही. औषध नसताना त्यांनी पुष्कळांना धीर दिला, काहींना जीवही दिला. आणि एक गोष्ट न बोलता केली: रोग्याला गावाच्या नजरेआड ठेवले.

चाळिशीच्या दशकात स्ट्रेप्टोमायसिन आले, मागोमाग पास आणि आयसोनियाझिड. आता प्रश्न असा पडला की गोळ्या घ्यायच्याच असतील तर डोंगर कशाला? याचे उत्तर युरोपात नाही, आपल्या मद्रासमध्ये मिळाले. 1956 मध्ये तिथे क्षयरोग औषधोपचार केंद्र सुरू झाले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटिश संशोधन परिषद अशा चौघांचा तो उपक्रम होता आणि प्रमुख होते वॉलेस फॉक्स. त्यांनी 193 रोगी घेतले. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट केले. एक गट सॅनेटोरियममध्ये, दुसरा आपापल्या घरी. घरे कशी, तर दाटीवाटीची, एका खोलीत सगळे कुटुंब. घरच्यांचे जेवण निकृष्ट, कामही जास्त. सॅनेटोरियममधल्यांना खाट, विश्रांती, चांगला आहार. औषधे दोघांना तीच, वर्षभर.

निकाल 1959 मध्ये छापून आला. दोन्ही गट जवळजवळ सारखेच बरे झाले होते. घरी राहिलेल्यांमुळे कुटुंबातल्या माणसांना जास्त लागण झाली, असेही दिसले नाही. उलट उपचार अर्धवट टाकून निघून जाणारे सॅनेटोरियममध्ये जास्त होते, कारण घर सोडून वर्षभर राहणे माणसाला जमत नाही. या एका अभ्यासाने जगभरातली सॅनेटोरियमे हळूहळू ओस पडली. 1962 पासूनचा आपला राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमही घरी राहून उपचार याच पायावर उभा राहिला.

म्हणजे 2015 मध्ये शुद्ध हवेचा जो मुद्दा मांडला गेला, त्याचा निकाल याच देशात, एर्रागड्ड्याहून रात्रभराच्या रेल्वेप्रवासावर, छप्पन्न वर्षांपूर्वी लागून गेलेला होता.

आता विरोधाकडे येऊ. डॉक्टर, परिचारिका, कर्मचारी रस्त्यावर आले, विरोधी पक्षांनी साथ दिली, प्रकरण उच्च न्यायालयातही गेले. कर्मचाऱ्यांच्या विरोधात स्वार्थ नव्हता असे कोणी म्हणू नये. मुलांच्या शाळा शहरात, घरे शहरात, रोज 75 किलोमीटर कोण जाणार? पण इथे कर्मचाऱ्याची अडचण आणि रोग्याची अडचण एकच होती. क्षयाचा उपचार सहा महिने तरी चालतो. थुंकी तपासायला, औषध बदलायला, दम लागला की रात्री-अपरात्री, पुन्हापुन्हा यावे लागते. रोजंदारीवरच्या माणसाचा एक दिवस गेला की त्या दिवसाची मजुरी गेली. डबा घेऊन येणारी बायको किंवा आई असते, तिचाही दिवस जातो. आणि औषध मध्येच सुटले तर जंतू औषधालाच दाद देईनासा होतो. मग उपचार लांबतो, महागतो आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांनाही तोच हट्टी जंतू मिळतो. शिवाय त्याच हिवाळ्यात हैदराबादेत स्वाइन फ्लूची साथ होती. छातीचे इस्पितळ शहराबाहेर काढण्याची घोषणा नेमकी तेव्हाच झाली.

मला यात एक गोष्ट खटकते. छातीच्या रोग्यांच्या बाबतीतच असा विचार इतका सहज कसा सुचतो? हृदयविकाराचे इस्पितळ डोंगरावर न्या, हवा चांगली आहे, असे कोणी म्हणत नाही. क्षय म्हटले की आपल्या डोक्यात अजून वेशीबाहेर हाच शब्द येतो, आणि ही खोड फक्त सरकारला नाही.

पुढे काय झाले ते थोडक्यात सांगतो. इस्पितळ हलले नाही. सचिवालयासाठी मग सिकंदराबादच्या बायसन पोलो मैदानाची चर्चा झाली, तिथेही विरोध झाला. शेवटी हुसेन सागराजवळच्या जुन्याच जागेवर, 2020 मध्ये जुन्या इमारती पाडून, नवे सचिवालय बांधले गेले आणि 30 एप्रिल 2023 रोजी त्याचे उद्घाटन झाले. वास्तुदोषाचे काय झाले, ते वास्तुतज्ज्ञांनाच विचारा.

आणि एर्रागड्डा? एप्रिल 2022 मध्ये त्याच मुख्यमंत्र्यांनी शहरात तीन मोठ्या सरकारी इस्पितळांची पायाभरणी केली. त्यातले एक चेस्ट हॉस्पिटलच्याच आवारात आहे. आता समोर मेट्रोचे स्टेशनही झाले आहे; तिथून उतरून रोगी पायी आत जातो.